पाण्याच्या गावांतला बँडमास्तर

सोमवार : कोशित्से ते बार्देयोव

पूर्व स्लोव्हाकियात प्रेशोवला गाडी बदलली की बार्देयोवपर्यंतचा पुढचा प्रवास डिझेलच्या छोट्या गाडीने. हा फाटा १८९३ मध्ये सुरू झाला. म्हणजे ज्या बँडमास्तराच्या मागावर आम्ही निघालो होतो, त्या केलेर बेलाने हे जन्मगाव सोडलं ते घोडागाडीनेच, आणि रुळ इथवर पोचले तेव्हा त्याला जाऊन दहा वर्षं उलटली होती. खिडकीबाहेर मका, बटाटा, मधूनच लाकडी कुंपणाची घरं. काका खिडकीला नाक लावून बसले होते. गाडी प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि चढणारा-उतरणारा माणूस ड्रायव्हरशी दोन शब्द बोलूनच पुढे सरकत होता. "आपल्या मिरज पॅसेंजरसारखी आहे," एवढं बोलून त्यांनी डबा उघडला. साताऱ्याहून आणलेला चिवडा अजून शिल्लक होता.

काका म्हणजे माझे सख्खे काका. पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. निवृत्तीनंतर साताऱ्यात पोरांना शिकवतात. मी नोकरीनिमित्त फ्रँकफर्टजवळ राहते. ते उन्हाळ्यात माझ्याकडे यायचे म्हणाले तेव्हा मी आयफेल टॉवर, स्वित्झर्लंड अशी नेहमीची यादी पाठवली. त्यांचं उत्तर आलं: "ते तुझ्या काकूबरोबर पुढच्या वेळी. मला केलेर बेला दाखव."

हा कोण, ते मलाही तेव्हाच कळलं. जर्मन संगीतकार ब्राम्सचं 'हंगेरियन डान्स नंबर ५' तुम्ही नक्की ऐकलंय. नावाने आठवत नसेल तर चॅप्लिन न्हावी होऊन ज्या धुनेवर गिऱ्हाइकाची दाढी करतो, ती आठवा. काकांनी ती बँडमध्ये कितीदा वाजवली याला गणती नाही, आणि दर वेळी कागदावर वर नाव ब्राम्सचं. मग कुठल्याशा जुन्या बँडमास्तरांनी त्यांना सांगितलं की ही धून मुळात ब्राम्सची नव्हेच. केलेर बेला नावाच्या एका बँडमास्तराची आहे. तेव्हापासून हे त्यांच्या डोक्यात बसलेलं.

गावात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. जेवायला हालुश्की घेतले. किसलेला बटाटा आणि पीठ यांचे छोटे गोळे, वर मेंढीच्या दुधाचं खारट चीज. डुकराच्या चरबीचे तुकडे बाजूला काढून द्यायला सांगितलं तर वाढणाऱ्या बाईंनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आम्ही पुरणपोळी पुरणाशिवाय मागितली होती.

मंगळवार : चौक, चर्च आणि एका घराण्याचा मुलगा

बार्देयोवचा चौक पाहिल्यावर पोस्टकार्ड छापणाऱ्यांना वेगळं काही करावं लागत नसणार. लांबट, उतरता, दगडी फरसबंदीचा चौक. तिन्ही बाजूंना अरुंद, उंच, टोकदार माथ्याची व्यापाऱ्यांची घरं, मधोमध एकटीच उभी असलेली नगरसभेची इमारत. ही सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची. स्लोव्हाकियात रेनेसाँ शैली पहिल्यांदा दिसते ती इथे. २००० साली युनेस्कोने गावाला जागतिक वारशात घेतलं, आणि त्यात गावाबाहेरची जुनी ज्यू वस्तीही आहे, हे मला विशेष वाटलं. सुंदर चौक सगळेच जपतात.

चौकाच्या टोकाला संत एगिडियसचं चर्च. आत उत्तर-गॉथिक काळातल्या अकरा पंखवाल्या वेदी. म्हणजे लाकडात कोरलेली, सोन्याने मढवलेली कपाटंच, दारं उघडली की आत संतांच्या मूर्ती. आम्ही एकाच वेदीसमोर बराच वेळ उभे राहिलो. मेरीच्या अंगरख्याच्या चुण्या इतक्या खोल कोरल्या आहेत की त्यात बोट जाईल. एका चुणीच्या तळाशी सोनं निघून खालचा लाल मातीचा थर दिसत होता. काकांनी विचारलं, "हे लाल कशाला?" सोन्याचा वर्ख बसवायचा तर खाली मऊ मातीचा लेप लागतो, आणि लाल रंगावर सोनं उबदार दिसतं, असं मी सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. "म्हणजे युफोनियम," ते म्हणाले. बँडमधलं खालच्या सुरांचं पितळी वाद्य. "ऐकू येत नाही, पण काढून टाक, मग बघ."

१३ फेब्रुवारी १८२० रोजी याच गावात केलेर जन्मला. गाव तेव्हा हंगेरीच्या राज्यात, नाव बार्त्फा, जर्मन बोलणारे त्याला बार्टफेल्ड म्हणत. घरचं नाव आडालबर्ट पाउल फॉन केलेर. पुढे त्याने हंगेरियन पद्धतीने आडनाव आधी लावून 'केलेर बेला' म्हणून संगीत छापलं, आणि जर्मन-इंग्रज प्रकाशकांनी घोळ घातला. कुणी बेला हे आडनाव समजलं, कुणी मध्ये छोटी रेघ टाकून दोन्ही जोडून टाकली. त्यामुळे जुन्या कॅटलॉगात त्याला शोधायचं तर दोन कप्पे उघडावे लागतात.

खात्यापित्या घरातला मुलगा. कायदा आणि तत्त्वज्ञान शिकायला घातला, ते जमलं नाही. मग काही काळ शेती. तीही सुटली. व्हायोलिन मात्र सुटलं नाही. पंचविशीत त्याने व्हिएन्ना गाठली. आज आपल्याकडे इंजिनिअरिंग अर्धवट टाकून मुंबईला गेलेल्या पोराबद्दल घरात जे बोललं जातं, ते बार्त्फात बोललं गेलं नसेल असं मला वाटत नाही.

मरताना त्याने आपलं सगळं संगीत याच गावाला ठेवलं. आज ते इथल्या शारिश संग्रहालयाकडे आहे. जवळजवळ चाळीस वर्षं गावाबाहेर राहिलेल्या माणसाचं हे देणं.

बुधवार : झऱ्याचं पाणी

गावापासून थोड्या अंतरावर उत्तरेला, डोंगराच्या कुशीत, बार्देयोवचे औषधी झरे. बसने गेलो. एकोणिसाव्या शतकात हे हंगेरीतलं नावाजलेलं ठिकाण होतं. १८२१ मध्ये रशियाचा झार पहिला अलेक्झांडर येऊन गेला, १८९५ मध्ये ऑस्ट्रियाची महाराणी एलिझाबेथ, जिला सगळे सिसी म्हणतात. तिचा पुतळा बागेत आहे. आजची पाणी पिण्याची कमान मात्र समाजवादी काळातली, काच आणि काँक्रीटची. काकांना ती रेल्वे स्टेशनसारखी वाटली. मला आवडली.

इथे पाण्याला नावं आहेत. एक झरा अलेक्झांडर, एक नेपोलियन, एक हर्क्युलस. तोटीचा चिनी मातीचा कप घ्यायचा, नळाखाली धरायचा आणि घोट-घोट पीत फिरायचं. तोटी अशासाठी की लोखंडाचं पाणी दातांना लागून दात काळे पडू नयेत. पहिला घोट घेतला तेव्हा जिभेवर आधी मीठ, मग गंजलेला खिळा, आणि शेवटी सोडा. काकांनी एका दमात कप संपवला आणि शेजारच्या आजींनी हातानेच खूण केली: हळू, हळू!

त्या खुणेत या सगळ्या धंद्याचं गणित आहे. डॉक्टर कप मोजून द्यायचे आणि दोन कपांच्या मध्ये चालायला लावायचे. पहाटे, उपाशीपोटी. रिकाम्या पोटी खारट पाणी पीत तासभर फिरणं कंटाळवाणं, म्हणून तिथे संगीत ठेवलं. युरोपभरच्या अशा गावांत सकाळचा कार्यक्रम एखाद्या भक्तिगीताने सुरू व्हायचा, मग मार्च, वॉल्ट्झ, एखादी नांदी, ऑपेरातल्या लोकप्रिय गाण्यांची माळ, शेवटी गॅलप, म्हणजे धावत्या लयीचा नाच. दुपारी पुन्हा बागेत. संध्याकाळी पुन्हा. उपचार तीन-चार आठवड्यांचा, म्हणजे तोच पाहुणा तेवढे दिवस रोज दोन-तीनदा तुमच्यासमोर येणार. तेच ते वाजवलं तर तो दुसऱ्या दिवशीच बाकड्यावर पेपर उघडून बसणार.

म्हणून स्पा-ऑर्केस्ट्राच्या प्रमुखाला नुसती छडी हलवून भागायचं नाही. त्याच्याकडे शेकडो कृतींचं भांडार हवं, दुसऱ्यांच्या रचना आपल्या माणसांपुरत्या बसवता यायला हव्यात, आणि दर हंगामात स्वतःचं काहीतरी नवं हवं. केलेरच्या छापील कृतींचे आकडे शंभराच्या पुढे जातात, ते यामुळे. आणि त्यांची नावं पाहा: 'बार्टफेल्डची आठवण', 'सुंदर ऱ्हाइनकाठी तुझी याद'. पाहुणा घरी जाताना पियानोवर वाजवायचा कागद विकत नेणार, साताऱ्याहून जाणारा कंदी पेढे नेतो तसा. मला यात हलकं काही वाटत नाही. उलट असं सांगितल्याबरोबर, मोजून-मापून, वेळेवर, आणि तरी गुणगुणावंसं वाटेल असं लिहिणं हे फार थोड्यांना जमतं.

दुपारी बागेतल्या बाकावर बसून फोनवर 'बार्टफेल्डची आठवण' लावली. ओपस, म्हणजे कृतिक्रमांक, ३१. चार्दाश, १८५८. इअरफोन एक माझ्या कानात, एक काकांच्या. चार्दाश म्हणजे हंगेरीच्या खानावळींतून आणि लष्कराच्या भरतीच्या नाचांतून वर आलेला प्रकार. संथ भाग, मग वेगवान. रोमा (जिप्सी) वादकांचे ताफे तो गावोगाव वाजवत, अशा झऱ्यांच्या गावीही. ती ओळखीची धून आली आणि काकांची बोटं मांडीवर क्लॅरिनेटच्या चाव्या दाबायला लागली.

"हीच की!" ते म्हणाले. मग गप्प. मग, "चोरलीन् का गं ब्राम्सने?"

खुलासा मी सांगितला तेवढा असा. ब्राम्सने हे नाच १८६९ मध्ये चार हातांच्या पियानोसाठी छापले तेव्हा मुखपृष्ठावर 'रचना' म्हटलं नाही. 'बसवलेले' म्हटलं. ओपस क्रमांकही दिला नाही. तरुणपणी रेमेन्यी या हंगेरियन व्हायोलिनवादकाबरोबर दौरा केला तेव्हापासून तो अशा धुना गोळा करत होता, आणि ही लोकधून आहे असं त्याला वाटलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. म्हणजे चोरी म्हणता येणार नाही. पण प्रकाशक झिमरॉकच्या दुकानात ते कागद धो-धो खपले आणि त्यावर केलेरचं नाव कुठेच नव्हतं, हेही खरं.

"लोकधून वाटली म्हणजे चांगली जमली होती," काका म्हणाले. मी म्हटलं, काका, नाव घालायला काय जात होतं? त्यावर त्यांनी खांदे उडवले. हा वाद आमचा पुढे सगळ्या प्रवासात चालू राहिला.

गुरुवार : गाडीतच

पूर्ण दिवस रेल्वेत. प्रेशोव, कोशित्से, ब्रातिस्लावा, व्हिएन्ना. कोशित्सेहून पश्चिमेला जाताना उजवीकडची खिडकी धरा. पोप्रादच्या आसपास तात्रा पर्वताची रांग सपाटीतून एकदम उभी राहते. बाकी सांगण्यासारखं नाही. चिवडा संपला.

शुक्रवार : व्हिएन्ना

व्हिएन्नात पाहण्यासारखं अपार आहे. आम्ही त्यातलं जवळपास काहीच पाहिलं नाही. थिएटर आन डेर वीन तेवढं गाठलं. नाश्मार्केटच्या शेजारी, मागच्या गल्लीत त्याचं जुनं 'पापागेनो दार' आहे, वर मोझार्टच्या ऑपेरातला पक्षी पकडणारा पापागेनो दगडात उभा. १८०५ मध्ये बेटहोव्हेनचा 'फिडेलिओ' हा ऑपेरा पहिल्यांदा इथे झाला. १८४५ मध्ये या थिएटरच्या वाद्यवृंदात केलेर व्हायोलिन वाजवायला लागला. त्याच वर्षी फ्रान्झ फॉन झुप्पे तिथे संगीत-संचालक म्हणून आला. तोच झुप्पे, ज्याच्या 'लाइट कॅव्हलरी'ची नांदी जगातल्या प्रत्येक लष्करी बँडला पाठ असते. काका तर दाराला हात जोडायच्या बेतात होते.

हलकंफुलकं संगीत शिकायला याहून चांगली शाळा नव्हती. रात्री प्रहसनं आणि गाण्यांची नाटकं वाजवायची, टाळ्या कुठे पडतात ते ऐकायचं. पण केलेर तेवढ्यावर थांबला नाही. त्याने सिमोन झेश्टरकडे शास्त्र शिकलं. झेश्टर म्हणजे काउंटरपॉइंटचा, अनेक सुरावटी एकमेकींत गुंफायच्या शास्त्राचा, करडा मास्तर. मरणाच्या काही दिवस आधी शूबर्टने त्याच्याकडे पहिला आणि शेवटचा धडा घेतला होता, आणि पुढे ब्रुकनर त्याच्याकडे वर्षानुवर्षं शिकला. त्याच मास्तराकडे घासून निघालेला माणूस नाचाचे तुकडे लिहीत होता. म्हणूनच ते तुकडे पोकळ वाटत नाहीत.

यानंतरची त्याची नोकऱ्यांची यादी पाहिली तर जीव दमतो. १८५४ मध्ये बर्लिन, गुंगल या संगीतकाराचा ऑर्केस्ट्रा चालवायला. पुढच्याच वर्षी परत व्हिएन्ना, कारण वॉल्ट्झचा एक जनक योझेफ लानर याचा मुलगा आउगुस्ट अगदी तरुणपणी वारला आणि त्याच्या वाद्यवृंदाला प्रमुख हवा होता. १८५६ पासून मात्सुकेल्ली पायदळ पलटणीचा बँडमास्तर. 'बार्टफेल्डची आठवण' पलटणीच्या या दिवसांतली.

ही ओळ वाचली तेव्हा काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "पलटणीत असताना लिहिलंय? मग बरोबर आहे." काय बरोबर, ते त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी कॉफी पिताना आपणहून बोलले. बाहेर, मोकळ्यावर वाजवायचं असेल तर धून अशी लागते की वाऱ्याने अर्धी नेली तरी उरलेल्या अर्ध्यात ओळखता यावी. व्हायोलिनचा नाजूकपणा मैदानात मरतो. लय ठळक, सूर मोठ्या उड्यांचे, आणि वळणं कानाला आधीच हवीहवीशी वाटणारी. "आणि माणसांना दम घ्यायला जागा. बँडवाल्याने लिहिलेलं संगीत दमावरून ओळखतो मी."

शनिवार : वीसबाडेन

घरी सामान टाकून आम्ही दुसऱ्याच गाडीने वीसबाडेनला निघालो. फ्रँकफर्ट विमानतळावरून एस-बान, म्हणजे लोकल, सरळ तिथे जाते.

कोखब्रुनेनपाशी आधी नाकाला कळतं. कढत पाण्याचा झरा, ६६ अंशांच्या आसपास. दगडी कारंज्यावरून पाणी ओघळतं आणि वर्षानुवर्षांच्या क्षारांनी दगडावर केशरी-तांबूस पापुद्रा चढलाय. जवळून पाहिलं तर तो एकसंध नाही. बारीक बारीक पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीच्या कडेला ओलसर चमक, आणि मधूनच शेवाळाची हिरवी रेघ. हात लावला आणि लगेच मागे घेतला. शहरात असे सव्वीस गरम झरे आहेत. रोमन इथे अंघोळी करत. आजच्या कूरहाउसच्या, म्हणजे उपचाराला आलेल्या पाहुण्यांसाठीच्या मुख्य इमारतीच्या, दर्शनी खांबांवरही 'आक्विस मात्तियाकिस' कोरलेलं आहे, म्हणजे मात्तियाक लोकांच्या पाण्यांना.

कूरहाउस ही इमारत मात्र केलेरची नव्हे. त्याने पाहिलं ते क्रिस्टियान त्साइसने १८१० मध्ये बांधलेलं. ते पाडून १९०७ मध्ये आजचं उभं राहिलं. केलेरच्या डोळ्यांखालचं काही हवं असेल तर समोरच्या हिरवळीच्या दोन बाजूंच्या खांबांच्या ओसऱ्या पाहा. एक १८२७ची, दुसरी १८३९ची. आम्ही जुन्या ओसरीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. काका मनात पावलं मोजत होते. "मार्चच्या लयीत नाही, वॉल्ट्झच्याही नाही," असा त्यांचा निष्कर्ष. पोटात पाणी डुचमळणार नाही अशी चाल.

१८६३ मध्ये केलेर इथे आला तो नासाउच्या ड्यूकच्या पलटणीचा बँडमास्तर म्हणून. तेव्हा वीसबाडेन एका छोट्या राज्याची राजधानी होती. १८६६ च्या युद्धात नासाउने ऑस्ट्रियाची बाजू घेतली, प्रशिया जिंकली, राज्य खालसा झालं. ड्यूक आडोल्फ गादीवरून गेला (पुढे चोवीस वर्षांनी लक्झेंबर्गची गादी मिळाली, तो भाग निराळा). राज्य नाही तर राज्याची पलटणही नाही. केलेर मग कूरहाउसच्या वाद्यवृंदाचा प्रमुख झाला.

आता पैशाचं. एवढा वाद्यवृंद, एवढी बाग, एवढे दिवे यांचा खर्च पाणी पिणाऱ्यांकडून निघत नव्हता. तो निघत होता जुगारातून. कूरहाउस आणि जुगाराचे टेबल एकाच कंपनीकडे, आणि बागेतलं संगीत ही त्या टेबलांकडे नेणारी वाट. १८६५ मध्ये दोस्तोयव्हस्की इथे येऊन सगळं हरला, हॉटेलवाल्याने जेवण बंद केलं, आणि पुढच्या वर्षी त्याने जुगाऱ्यावरची कादंबरी लिहिली. त्याचा अर्धपुतळा मागच्या बागेत झाडांखाली आहे. म्हणजे तो रुलेटवर पैसे लावत होता त्याच उन्हाळ्यात केलेर याच गावात बँड चालवत होता. वादकांच्या पगारात दोस्तोयव्हस्कीच्या रुबलांचा वाटा असेलही, असं मी म्हटलं. काका म्हणाले, "म्हणजे वाया गेले नाहीत."

प्रशियाने मग कायदा केला आणि १८७२ च्या अखेरीस जर्मनीतले जुगारअड्डे बंद पडले. वीसबाडेनला मोठा फटका. संगीताचा भार नगरपालिकेवर आला आणि तिने नवा वाद्यवृंद उभा केला. केलेरची तब्येत याच सुमारास बिघडली होती. १८७३ पर्यंत त्याचं काम संपलं, आणि पुढे लुई ल्युस्टनर याने दीर्घकाळ ही गादी चालवली. केलेरच्या चरित्रात एवढंच लिहिलेलं असतं: प्रकृतीच्या कारणाने निवृत्त. खरं असेल. पण एका बाजूला रुलेटचं चाक थांबतं आणि दुसऱ्या बाजूला बागेतला जुना प्रमुख जातो, या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या की मला तरी केवळ तब्येतीचं कारण पुरेसं वाटत नाही.

मागच्या बागेत तळं आहे, तळ्याकाठी शिंपल्याच्या आकाराचं संगीताचं व्यासपीठ. रिकामंच होतं. समोरच्या बाकावर बसून त्याची 'लुस्टश्पील' नांदी ऐकली, ओपस ७३. प्रहसनाची नांदी, पण मागे प्रहसनच नाही. पडदा उघडायचाच नाहीये. बागेत ऐकणाऱ्याला नाटकाच्या आधीची ती खुशी तेवढी हवी असते, नाटक नकोच. हा तुकडा मला ब्राम्सने उचललेल्या धुनेपेक्षा सरस वाटतो. बँडवाल्यांमध्ये तो फार वर्षं वाजत राहिला, आणि तिथे निदान वर नाव त्याचंच असे.

रविवार : नेरोबेर्ग आणि नॉर्डफ्रीडहोफ

सकाळी नेरोबेर्गची डोंगरगाडी. १८८८ पासून पाण्यावर चालते. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो वजनाने खाली येतो आणि दोराला बांधलेला दुसरा डबा वर चढतो. ना वीज, ना वाफ. काका दोनदा बसले. वर ड्यूक आडोल्फने बांधलेलं सोनेरी घुमटांचं रशियन चर्च. त्याची पहिली बायको, झारची पुतणी, १८४५ मध्ये बाळंतपणात गेली. तिच्यासाठी.

नंतर केलेर जिथे पुरला ती दफनभूमी. नॉर्डफ्रीडहोफ १८७७ मध्ये सुरू झाली. उतारावरचं जंगलच म्हणा, झाडांच्या मध्ये थडगी. नोकरी सुटल्यानंतर केलेर बसून राहिला नव्हता. लंडन, कोपनहेगन, ॲम्स्टरडॅम अशा ठिकाणी पाहुणा संचालक म्हणून जात होता, स्वतःच्या रचना वाजवत होता. राहायला मात्र वीसबाडेनलाच. २० नोव्हेंबर १८८२ रोजी याच शहरात वारला, बासष्टाव्या वर्षी.

आणि पुढच्याच उन्हाळ्यात, १८८३ मध्ये, ब्राम्स वीसबाडेनला येऊन राहिला. तिसरी सिंफनी त्याने इथे लिहिली. डिसेंबरात ती व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. आठ-नऊ महिने आधी आला असता तर दोघे एकाच ओसरीत समोरासमोर आले असते. काय बोलले असते, यावर आम्ही दोघांनी बरंच डोकं चालवलं. काकांचं म्हणणं, केलेर काहीच बोलला नसता, टोपी काढून नमस्कार केला असता. माझं म्हणणं, एवढ्या नोकऱ्या सांभाळलेला माणूस हिशोब विसरत नाही.

उतरताना मी पुन्हा नावाचा मुद्दा काढला. काका थांबले. "अगं, मी बँडमध्ये होतो तेव्हा आमच्या मास्तरांनी एक मार्च बसवला होता. अजून वाजतो. वर काही नाव नाही. मला विचारशील तर, नाव पाहिजे होतं." आणि मग पुढे निघाले. म्हणजे वाद मी जिंकले. त्यांनी तसं कबूल केलं नाही.

सोमवार : बीब्रिख

शेवटचा अर्धा दिवस ऱ्हाइनच्या काठी. बीब्रिखचा राजवाडा नासाउच्या ड्यूकांचा, लाल-पांढरा, नदीकडे तोंड करून. १८६२ मध्ये संगीतकार वाग्नर याच काठावर राहून 'मास्टरसिंगर्स' या ऑपेरावर काम करत होता. तो गेला आणि पुढच्या वर्षी केलेर आला. नदीवरून मालवाहू बोटी जात होत्या, एकीवर कोळसा, एकीच्या डेकवर चक्क कपडे वाळत घातलेले. आम्ही 'सुंदर ऱ्हाइनकाठी तुझी याद' हा वॉल्ट्झ लावला, ओपस ८३. गोड आहे. जरा जास्तच गोड, माझ्या मते. काका मात्र ऐकतच राहिले आणि दोनदा मागे नेऊन एक जागा ऐकली.

घरी आल्यावर त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. केलेरच्या कृतींचा हक्ककाळ कधीच संपला आहे, त्यामुळे बरेचसे जुने छापील कागद इंटरनेटवर फुकट मिळतात. 'बार्टफेल्डची आठवण' आणि 'लुस्टश्पील'ची नांदी छापून दिली. साताऱ्यातल्या पोरांकडे काय काय आहे याची त्यांनी कागदाच्या मागे यादी केली: तीन क्लॅरिनेट, त्यातलं एक गळकं. दोन ट्रंपेट. एक युफोनियम. साइड ड्रम. बास नाही. बासचं काय करायचं यावर रात्रीचं जेवण होईपर्यंत विचार चालला. शेवटी बासची ओळ युफोनियमला द्यायची आणि युफोनियमचं दुसऱ्या ट्रंपेटला वर चढवून द्यायचं असं ठरलं. मग त्यांनी पेन मागितलं आणि पहिल्या पानावर, धुनेच्या नावाखाली, मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहिलं: 'रचना – केलेर बेला. बसवणार –' आणि पुढे स्वतःचं नाव.